वरिष्ठ पदावरच्या माणसाने लिंक्डइनवर काय लिहावं, कुणासाठी लिहावं आणि कुठे थांबावं

प्रश्न आला तो असा: 'मी एका उत्पादन कंपनीत ऑपरेशन्सचा उपाध्यक्ष आहे. २२ वर्षांचा अनुभव आहे. लिंक्डइनवर खातं आहे, पण गेल्या तीन वर्षांत तिथे एक ओळही लिहिलेली नाही. आता दिसतंय की माझ्यापेक्षा कमी काम केलेली माणसं परिषदांमध्ये बोलतात, हेडहंटर त्यांना आधी फोन करतात, मुलाखतीला आलेली मुलंही त्यांचीच नावं घेतात. मी लिहायला बसलो की स्वतःची टिमकी वाजवतोय असं वाटतं आणि लॅपटॉप बंद करतो. सुरुवात कुठून करू?'

गेली १६ वर्षं मी वरिष्ठ अधिकाऱ्यांबरोबर हेच काम करते. आधी भाषणं आणि भागधारकांना जाणारी पत्रं, पुढे हळूहळू लिंक्डइन. या काळात एवढं नक्की कळलं की ज्यांना खरोखर सांगण्यासारखं असतं तीच माणसं सगळ्यात उशिरा लिहायला लागतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी संकोचाबद्दल, कारण बहुतेक जण तिथेच अडकलेले असतात. ज्याने आयुष्यभर काम करून दाखवलं त्याला स्वतःबद्दल बोलणं जड जातं. हा संकोच टाकून द्या असं मी कुणालाही सांगत नाही. तो तुमचा फार चांगला संपादक आहे. लिहिलेलं वाक्य वाचताना कानाला खटकलं तर बहुतेक वेळा ते खटकण्यासारखंच असतं. फक्त हा संकोच एक गल्लत करतो. 'मी केवढा मोठा' हे सांगणं आणि 'मला काम करताना काय कळलं' हे सांगणं, या दोन्हींना तो एकाच मापाने मोजतो. शॉप फ्लोअरवर उभं राहून तुम्ही एखाद्या नव्या अभियंत्याला समजावता की ही मशीन सोमवारी सकाळीच का त्रास देते, तेव्हा तुम्हाला मिरवल्यासारखं वाटतं का? लिंक्डइनवरही त्याच आवाजात लिहायचं. ऐकणारा बदलला, आवाज तोच.

आता कुणासाठी लिहायचं ते ठरवू. करिअरच्या सुरुवातीला असलेल्या मुलाला दहा हजार लोकांनी पाहिलं तर फायदा होऊ शकतो, कारण त्याची पुढची नोकरी त्या दहा हजारांतल्या कुणाकडेही असू शकते. तुमचं तसं नाही. तुमच्या पुढच्या दहा वर्षांवर परिणाम करणारी माणसं मोजकी आहेत: काही कंपन्यांचे संचालक, शोधसंस्थांमधले (वरिष्ठ पदांसाठी माणसं शोधणाऱ्या हेडहंटर कंपन्यांमधले) दोन-चार भागीदार, तुमच्या क्षेत्रातल्या पाच-सहा कंपन्यांचे प्रमुख, मोठे ग्राहक, महत्त्वाचे पुरवठादार, या उद्योगावर नियमित लिहिणारे एक-दोन पत्रकार, परिषदेत कुणाला बोलवायचं ते ठरवणारी माणसं. शिवाय तुमच्याच कंपनीतली अशी माणसं, ज्यांनी तुम्हाला फक्त टाउन हॉलच्या, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेच्या, स्क्रीनवर पाहिलंय. मी प्रत्येकाला ही नावं कागदावर लिहायला लावते. यादी शंभर-दीडशेच्या पुढे क्वचितच जाते. मग कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहायला सांगते: यांच्यापैकी कुणापुढे कोणती अडचण उभी राहिली की तुमचं नाव आठवायला हवं?

उत्तर एका वाक्यात यायला हवं आणि त्यात अडचण दिसायला हवी. 'ऑपरेशन्समधलं नेतृत्व' हे उत्तर चालणार नाही, ते कुणीही देऊ शकतो. 'चालू कारखाना एक दिवसही बंद न ठेवता नवी प्रणाली बसवायची आहे' हे उत्तर चालेल. हे एक वाक्य शोधायला कधीकधी तीन बैठका लागतात, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं म्हणून मी घाई करत नाही.

एका वित्तप्रमुखांचा अनुभव इथे सांगते. ते नेमाने लिहीत: नेतृत्वावर, कामाच्या ताणावर, अपयशावर, वाचनावर. लाइक्स भरपूर मिळत. आम्ही त्यांच्या यादीतल्या पाच जणांना सहज विचारलं, 'यांचं लिहिलेलं वाचता का?' पाचही जण म्हणाले, वाचतो. 'कशावर लिहितात?' यावर पाचही जण घुटमळले. त्यानंतर त्यांनी वर्षभर फक्त खेळत्या भांडवलावर लिहिलं: ग्राहकाकडून पैसे उशिरा का येतात, गोदामात माल का साचतो, विक्री विभागाशी त्यावर वाद कसा घालायचा. लाइक्स निम्म्यावर आले. पण त्याच वर्षी एका कंपनीने त्यांना लेखापरीक्षण समितीवर येण्याबद्दल विचारलं, आणि विचारणाऱ्याने सुरुवातच त्या गोदामाच्या पोस्टने केली.

लिहिण्याआधी प्रोफाइल नीट करून घ्या. तुमचं काही वाचून कुणी लगेच फोन उचलत नाही, आधी तुमच्या नावावर क्लिक करतो. तिथे दोन ओळींत आणि तीन वर्षं जुन्या फोटोत सगळं आटोपलेलं दिसलं तर तो परत फिरतो. नावाखालच्या हेडलाइनला २२० अक्षरांची जागा असते. ती मोकळी सोडली की लिंक्डइन तिथे तुमचं पद आणि कंपनी आपोआप भरतं. पद जरूर ठेवा, पण त्याच्यापुढे कागदावरचं ते एक वाक्य, जरा आटोपशीर करून लिहा. तुम्ही कुठेही कमेंट केली तरी नावाबरोबर हेडलाइनची सुरुवात दिसते, तेव्हा कामाचे शब्द आधी आले पाहिजेत. 'दूरदर्शी', 'परिवर्तनकारी', 'उत्कटतेने काम करणारा' असली विशेषणं काढून टाका. ती वाचून कुणालाही काही कळत नाही.

'अबाउट'च्या भागात २६०० अक्षरं बसतात, पण उघडताना पहिल्या काही ओळीच दिसतात. तिथे जन्मकहाणी नको. काम केवढं आहे ते सांगा: किती कारखाने, किती माणसं, कोणत्या प्रकारचं उत्पादन. जे आकडे कंपनीने आधीच जाहीर केले आहेत तेवढेच. नंतर तुम्ही घेतलेले दोन-तीन मोठे निर्णय आणि त्यांतून झालेलं तुमचं मत. हा मजकूर 'मी' वापरून लिहा. 'ते एक अनुभवी व्यवस्थापक असून' अशी भाषा परिचयपत्रकात ठीक, स्वतःच्या पानावर परकी वाटते.

इथे एक छोटी पण कामाची गोष्ट. बदल सुरू करण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद करा. तीन वर्षं शांत असलेल्या माणसाने एका आठवड्यात फोटो, हेडलाइन आणि अनुभव बदलले की ऑफिसात एकच कुजबुज सुरू होते: हे कंपनी सोडणार. 'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी शोधतोय असं कळवण्याच्या पर्यायाबद्दलही तेच. फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असा पर्याय असला आणि तुमच्याच कंपनीच्या भरती विभागापासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करत असलं, तरी पूर्ण गुप्ततेची हमी ते देत नाही. तुमच्या पातळीवर मी तो पर्याय वापरायला सांगत नाही. शोधसंस्थांमधल्या माणसांना थेट, खासगीत भेटा.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं काही सांगते. पहिले सहा आठवडे एकही पोस्ट लिहू नका. फक्त कमेंट करा.

त्याची कारणं आहेत. तुमच्या खात्यावर तीन वर्षं शांतता आहे. आज पोस्ट टाकली तर ती पाहायला फारसं कुणी नाही, आणि पहिल्याच पोस्टला अकरा लाइक्स मिळाले की तुमचा संकोच म्हणेल, बघ, सांगत नव्हतो? कमेंटचं तसं नाही. तुमच्या यादीतल्या माणसाच्या पोस्टखाली तुम्ही चार ओळी लिहिल्या की ती पोस्ट वाचायला आलेली सगळी माणसं त्या वाचतात, आणि ती बहुतेक तुमच्याच क्षेत्रातली असतात. ज्याने पोस्ट लिहिली तो तर वाचतोच. शिवाय सार्वजनिकपणे लिहिण्याचा हात बसतो, तोही छोट्या मापात.

पण कमेंटमध्ये काहीतरी असायला हवं. 'उत्तम विचार!', 'अगदी खरं!' याने तुमच्या नावाला काहीच मिळत नाही. समजा एखाद्याने लिहिलंय की पुरवठादारांची संख्या कमी केल्याने खर्च वाचतो. तुम्ही लिहा: 'सहमत, पण आम्ही एका सुट्या भागासाठी चारावरून एका पुरवठादारावर आलो आणि आठ महिन्यांनी त्याच्या एका मशीनच्या बिघाडाने आमची लाइन थांबली. आता असे भाग आम्ही दोन गटांत ठेवतो: दोन आठवड्यांत पर्याय मिळू शकतो असे आणि न मिळणारे. दुसऱ्या गटात दोन पुरवठादार महाग पडले तरी ठेवतो. तुमच्याकडे ही रेषा कुठे आखता?' यात स्तुती नाही आणि उद्धटपणाही नाही. वाचणाऱ्याला कळतं की या माणसाने ते स्वतः केलंय. आठवड्यातून तीन अशा कमेंट्स पुरतात. दोन सभांच्या मधल्या वीस मिनिटांत एक होते.

यामागे एक अभ्यासलेली गोष्टही आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं की नव्या संधी बहुधा जिवलगांकडून येत नाहीत. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. संधी येतात त्या तोंडओळखीच्या माणसांकडून. पुढे २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत दोन कोटी सदस्यांवर झालेल्या प्रयोगांवर तो बेतलेला होता. त्यात दिसलं की नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोगी पडतात ती मध्यम सैल नाती: अगदी अनोळखी नाहीत, फार जवळचीही नाहीत, सामाईक ओळखी थोड्याच. तुमच्या यादीतली बहुतेक माणसं नेमकी याच पट्ट्यात असतात, दोन परिषदांत भेटलेली, एकदा जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेली. अशा नात्याला वर्षातून चार-पाच वेळा अर्थपूर्ण स्पर्श झाला तरी ते जिवंत राहतं, आणि चांगली कमेंट हा त्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. लिंक्डइन ३०,००० कनेक्शन करू देतं म्हणून ती मर्यादा गाठायची नसते. या शंभर-दीडशे माणसांना मात्र आधी जोडून घ्या, आणि विनंतीबरोबर कुठे भेटलो होतो ते एका ओळीत लिहा.

सहा आठवड्यांनी पोस्ट. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेक वरिष्ठ मंडळींचं गाडं इथेच चुकीच्या रुळावर जातं.

लिंक्डइनने २०१२ मध्ये लांब लेख लिहिण्याची सोय निवडक नामवंतांना दिली, उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांच्यासारख्यांना. २०१४ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली करायला सुरुवात झाली. पण वरिष्ठाने कसं लिहायचं याचा नमुना अनेकांच्या मनात त्या काळचाच राहिला: उंचावरून दिलेला सल्ला, सगळ्यांना लागू पडणारा. तो नमुना ज्याचं नाव आधीच जगाला माहीत आहे त्याला चालतो. तुम्हाला मला चालत नाही. आपल्याला लोक वाचतात ते आपण जे पाहिलं आणि इतरांनी पाहिलेलं नाही त्यासाठी. आणि वरिष्ठ माणसाकडे असं एकच मोठं भांडार असतं: निर्णय. वाईट पर्यायांतून कमी वाईट कसा निवडला, कुणाचं ऐकलं, कुणाचं ऐकलं नाही, नंतर काय झालं. कनिष्ठ माणूस कितीही छान लिहीत असला तरी हे त्याच्याकडे अजून नसतं.

एकाच घटनेवरच्या दोन पोस्ट पाहा. पहिली: 'आमच्या टीमने नवी उत्पादन प्रणाली यशस्वीपणे कार्यान्वित केली हे सांगताना अतिशय अभिमान वाटतो. हे सांघिक प्रयत्नांचं फळ आहे. सर्वांचे आभार.' खाली समूहाचा फोटो. तुमच्या कंपनीतले लोक लाइक करतील. बाहेरचा कुणी थांबणार नाही, कारण त्याच्या हाती काहीच लागलं नाही.

दुसरी: 'नवी प्रणाली सुरू करण्याची तारीख आम्ही दोनदा पुढे ढकलली. पहिल्यांदा ढकलली ती चूक होती. दुसऱ्यांदा ढकलली ते बरोबर होतं. पहिल्या वेळी आयटी विभाग म्हणाला, अजून चाचण्या हव्यात. आम्ही मान्य केलं, कारण मान्य करणं सोपं होतं. त्या महिनाभरात नवीन काहीच सापडलं नाही, फक्त लोकांचा उत्साह ओसरला. दुसऱ्या वेळी रात्रपाळीच्या एका सुपरवायझरने सांगितलं की दोन पाळ्या बदलताना जुन्या आणि नव्या प्रणालीतले साठ्याचे आकडे जुळत नाहीत. बैठकीत बाकी सगळे सुरू करा म्हणत होते. आम्ही थांबलो. तेव्हापासून तारीख ढकलण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: ही शंका मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाची आहे, की मशीनपासून लांब बसलेल्याची?'

दुसरीत अभिमान हा शब्दही नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस रात्रपाळीच्या सुपरवायझरचं ऐकतो आणि स्वतःची चूक कबूल करतो. जो संचालक उद्या ऑपरेशन्सचा प्रमुख शोधणार आहे, त्याला नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं आणि बायोडेटातून ते कधीच कळत नाही. मिरवण्याचा प्रश्नही इथे आपोआप सुटतो, कारण पोस्टचा नायक तुम्ही नसून तो निर्णय आहे.

विषय सुचत नाहीत अशी तक्रार पहिल्या महिन्यात येतेच. मी त्यांना समोर बसवून विचारते: या पंधरवड्यात असा कोणता निर्णय झाला ज्यावर दोन समजूतदार माणसांचं पटत नव्हतं? दहा वर्षांपूर्वी ठामपणे मानत होता आणि आता मानत नाही असं काय आहे? नव्या कारखान्यात पाऊल टाकल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय पाहता, आणि का? महिन्याच्या अहवालात पहिला कोणता आकडा शोधता? एका तासात सहा महिन्यांचे विषय निघतात. मात्र जिवंत, अजून निकाली न लागलेल्या प्रकरणावर लिहू नका. घटना होऊन वर्ष-दोन वर्षं गेली की तुम्हालाही नीट दिसतं आणि कुणाचं नुकसानही होत नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. पोस्टला ३००० अक्षरांची मर्यादा आहे, फीडमध्ये, म्हणजे लिंक्डइन उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या यादीत, मात्र सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि पुढचं उघडावं लागतं. म्हणून प्रस्तावना नको. 'आजच्या वेगाने बदलणाऱ्या जगात' अशी सुरुवात केली तर पुढचं कुणी उघडणारच नाही. वर दिलेल्या पोस्टसारखी थेट घटनेने सुरुवात करा. फीड कशी लावायची हे ठरवताना लोक एखाद्या मजकुरावर किती वेळ थांबतात हेही आपण पाहतो, असं लिंक्डइनच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं. एकेका शब्दाची ओळ, दहा हॅशटॅग, 'सहमत असाल तर हात वर करा' असल्या युक्त्यांपेक्षा वाचायला वेळ लागेल असा मजकूर बरा.

किती वेळा? पंधरा दिवसांतून एक पोस्ट आणि आठवड्याला तीन कमेंट्स. रोज लिहा असं सांगणारे सल्लागार पुष्कळ आहेत. ज्याचा व्यवसायच लिहिण्यावर चालतो त्याला ते ठीक. तुमच्या हाताखाली हजारो माणसं काम करतात, आणि रोज पोस्ट टाकणाऱ्या उपाध्यक्षाबद्दल संचालकांना रास्त शंका येते की हे काम कधी करतात. पोस्ट टाकलेल्या दिवशी मात्र तासाभराने परत या आणि आलेल्या प्रत्येक गंभीर कमेंटला उत्तर द्या. कुणी विरोधी मत मांडलं असेल तर त्याला सगळ्यात आधी. वरिष्ठ माणूस विरोध कसा ऐकून घेतो हे त्या धाग्यात शंभर जण गुपचूप पाहत असतात.

दुसऱ्याकडून लिहून घ्यावं का? मी स्वतः हे काम केलंय, म्हणून मोकळेपणाने सांगते. लिहून घेण्यात गैर काही नाही, पण विचार उसना चालत नाही. माझी पद्धत अशी होती: अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा अर्धा तास बोलायचं, मी रेकॉर्ड करायचं, त्याच्याच शब्दांतून मजकूर बांधायचा आणि त्याने शेवटचा हात फिरवल्याशिवाय काहीही जायचं नाही. कमेंट्स मात्र त्याने स्वतःच लिहायच्या. जनसंपर्क विभागाने किंवा एआयने लिहिलेला गुळगुळीत मजकूर ओळखू येतो, कारण त्यात रात्रपाळीचा सुपरवायझर नसतो. एआयकडून शुद्धलेखन तपासा, लांबी कमी करून घ्या, पण त्याला 'नेतृत्वावर पोस्ट लिही' असं सांगू नका. परिषदेत कुणी त्या पोस्टबद्दल विचारलं आणि तुम्ही कोऱ्या चेहऱ्याने पाहत राहिलात, तर वर्षभराची मेहनत पाण्यात गेलीच म्हणून समजा.

आता धोक्यांबद्दल. इथे मी जरा कडक होते, कारण याने माणसांच्या नोकऱ्या गेल्या आहेत.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतल्या अधिकाऱ्याचं वाक्य हे नुसतं वाक्य नसतं. जुलै २०१२ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी फेसबुकवर लिहिलं की प्रेक्षकांनी महिन्यात पहिल्यांदाच १ अब्ज तासांपेक्षा जास्त पाहिलं. त्यावरून अमेरिकेच्या बाजार नियामकाने चौकशी केली. शेवटी एप्रिल २०१३ मध्ये नियामकाने सांगितलं की समाजमाध्यमावर माहिती जाहीर करता येईल, पण कोणत्या खात्यावर पाहायचं हे गुंतवणूकदारांना आधी कळवलेलं असलं पाहिजे. २०१२ मध्येच एका अमेरिकी वस्त्रविक्री साखळीच्या वित्तप्रमुखाने ट्विटरवर लिहिलं की बोर्डाची बैठक झाली, आकडे चांगले, म्हणून बोर्ड खूश. एवढ्यावर त्याची नोकरी गेली. २०१८ मध्ये इलॉन मस्क यांनी टेस्ला शेअरमागे ४२० डॉलर देऊन शेअर बाजारातून काढून खासगी करण्याचा विचार असून निधीची सोय झाल्याचं ट्विट केलं. त्याची तडजोड होताना त्यांना आणि कंपनीला प्रत्येकी २ कोटी डॉलर भरावे लागले आणि मस्क यांना अध्यक्षपद सोडावं लागलं.

तेव्हा तिमाहीचे आकडे, ऑर्डर, नवे करार, क्षमतावाढ, ग्राहकाचं नाव, अपघात, कामगारांशी चाललेल्या वाटाघाटी यांना हात लावायचा नाही. निकालांच्या आधीच्या दिवसांत व्यवसाय कसा चाललाय याचा सूरही लावायचा नाही. 'हा महिना धमाकेदार' एवढंही बोलकं ठरतं. फोटोंकडेही पाहा. मागच्या फळ्यावर उत्पादनाचं लक्ष्य लिहिलेलं असतं आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या नजरेतून सुटत नाही. सुरुवात करण्याआधी विधी विभाग आणि कॉर्पोरेट कम्युनिकेशनच्या प्रमुखांबरोबर एकदा बसा, कंपनीचं समाजमाध्यम धोरण वाचा आणि तुम्ही ज्या विषयांवर लिहिणार ते त्यांना सांगून टाका. प्रत्येक पोस्टला मंजुरी मागू नका, नाहीतर दोन महिन्यांत सगळं थांबेल. विषयांना मंजुरी घ्या.

वरिष्ठांनाही आधी सांगा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या प्रमुखाला तुमची पहिली पोस्ट फीडमध्ये दिसली आणि आधी काहीच कल्पना नसली तर त्याच्या मनात पहिला प्रश्न 'हा का करतोय' असा येतो. दहा मिनिटं बोलून घ्या, कारण सांगा, एखादा विषय त्यांनाच सुचवायला सांगा. तसंच, ज्या सहकाऱ्याचं काम तुम्ही सांगताय त्याला मसुदा आधी दाखवा. त्याचं नाव घ्यायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.

दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःबद्दल लिहू नका. २०२२ मध्ये एका छोट्या कंपनीच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना कमी केल्यावर स्वतःचा रडतानाचा फोटो लिंक्डइनवर टाकला. हेतू कदाचित प्रामाणिक असेल, पण ज्यांची नोकरी गेली त्यांच्याऐवजी त्याचेच अश्रू चर्चेत आले आणि जगभरातून टीका झाली. कपात झाली असेल तर तुमच्या पानावर त्या लोकांची कौशल्यं, त्यांच्या संमतीने, आणि त्यांना काम देऊ शकणाऱ्यांसाठी तुमचा संपर्क, एवढंच असावं.

खातं सुरक्षित ठेवणं हाही याच कामाचा भाग आहे. तुम्ही जितके दिसाल तितकं तुमच्या नावाने खोटं खातं काढणं फायद्याचं ठरतं. २०२४ मध्ये उघड झालं की अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर दिसलेल्या बनावट वित्तप्रमुखावर विश्वास ठेवून सुमारे २.५ कोटी डॉलर पाठवले होते. दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करा, लिंक्डइनचं ओळख पडताळणीचं चिन्ह घ्या, आणि आपल्या टीमला स्पष्ट सांगून ठेवा की पैशाची किंवा पासवर्डची कोणतीही सूचना मी मेसेजवर देणार नाही.

उपयोग होतोय हे कसं ओळखायचं? लाइक्स मोजू नका. दर तिमाहीला नावांच्या यादीचा तो कागद बाहेर काढा. यादीतल्या किती जणांनी तुमच्या लिखाणावर कमेंट केली, मेसेज पाठवला किंवा भेटल्यावर त्याचा उल्लेख केला? मुलाखतीला आलेल्या किती उमेदवारांनी तुमचं काही वाचलेलं होतं? बोलायला बोलावणं आलं का, आणि कोणत्या विषयावर? शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका. चुकीच्या विषयावर बोलावणं येत असेल तर कागदावरच्या त्या एका वाक्यापासून तुम्ही भरकटला आहात.

पहिल्या चार महिन्यांत बहुधा काहीच घडलेलं दिसणार नाही, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. वरिष्ठ माणसं लाइक करत नाहीत. वाचतात, लक्षात ठेवतात आणि गप्प राहतात. मग कधीतरी विमानतळाच्या रांगेत कुणी जुना ग्राहक म्हणतो, 'ते सुपरवायझरचं लिहिलं होतंत ना, आमच्याकडेही तसंच चाललंय, एकदा बोलू या का?' असा माणूस भेटला तर तिथेच थांबून त्याला त्याच्या कारखान्याबद्दल विचारा. तुमची पुढची पोस्ट बहुधा त्या बोलण्यातच सापडेल.